न्यायला कोणी गेलं नाही

आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणाचं लग्न जुळत असलं की ते सगळ्यात शेवटी नवऱ्यामुलीला कळायचं. माझ्या बाबतीत उलट झालं. ते मला माहीत होतं आणि ज्यांच्याशी जुळत होतं त्यांना माहीत होतं, बाकी कुणालाच नाही.

ही गोष्ट सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या आदल्या वर्षातली. मी मिशनच्या मुलींच्या शाळेत तिसरीला शिकवत होते. वय सव्वीस, म्हणजे त्या वेळच्या मापानं लग्नाच्या बाजारातून उठलेली. ते मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. माझे आजोबा दुष्काळात पोट हातात घेऊन मिशनच्या दारात आले आणि तिथेच राहिले, त्यामुळे मी जन्माची ख्रिस्ती. ते करमाळ्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. गिरणीत कामाला आले, टायफॉइडनं आमच्या दवाखान्यात दोन महिने पडून राहिले, उठल्यावर तिथेच बाटल्या धुवायला लागले आणि पुढे बाप्तिस्मा घेतला. त्याला चार वर्षं झाली होती. आणि बाप्तिस्म्याच्या आधीच त्यांचं लग्न झालेलं होतं.

बायको तेव्हा माहेरी गेली होती, ती परत आलीच नाही. त्यांनी तिला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्या पत्राला सासऱ्याचं उत्तर आलं, गावच्या मास्तरांच्या हातचं. त्यात दोनच ओळी होत्या. मुलगी येत नाही, पुन्हा पत्र पाठवू नये.

हे सगळं त्यांनी मला शाळेच्या हौदाजवळ उभं राहून सांगितलं आणि मग विचारलं, मंडळीच्या पंचांनी परवानगी दिली तर तुमची तयारी आहे का. मी म्हटलं, पंचांनी दिली तर आहे. यापलीकडे आमच्यात काही झालं नाही. पण त्या दिवसापासून दवाखान्यात औषध आणायला शाळेकडून कुणी जायचं असलं की मीच जायची, आणि त्यांना काय खाल्लेलं चालतं, काय चालत नाही, हे मला हळूहळू पाठ झालं.

मग त्यांनी मंडळीकडे अर्ज केला, पुन्हा लग्न करायला मोकळीक मिळावी म्हणून. पंचांची सभा रविवारची उपासना झाल्यावर देवळातच, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, भरायची. माझं अक्षर बरं म्हणून सभेचं टिपण मी लिहायची. बायकांच्या बाजूच्या शेवटच्या बाकावर बसून, मान खाली घालून, माझ्याच नशिबाची चर्चा मी शाईनं उतरवून घेतली.

पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, आधी शास्त्र समजावून सांगितलं. प्रभूनं लग्न मोडायला जवळजवळ वाव ठेवलेलाच नाही. पण प्रेषितानं एका मंडळीला लिहिलेल्या पत्रात नेमका हाच प्रश्न घेतला आहे. दोघांपैकी एकानंच विश्वास धरला तर काय करायचं? तर दुसरं माणूस एकत्र राहायला राजी असेल, तोवर विश्वासणाऱ्यानं त्याला टाकू नये, त्याचा धर्म कुठलाही असो. तेच आपण होऊन निघून गेलं तर मात्र जाऊ द्यावं. मग या भावावर किंवा बहिणीवर बंधन राहत नाही.

आमच्यात एक पेन्शनर मास्तर होते. ते म्हणाले, "बंधन नाही याचा अर्थ एवढाच की तिच्या मागं धावायचं बंधन नाही. दुसरं लग्न करावं असं तिथं कुठं लिहिलंय?"

गिरणीत मुकादम असलेले पंच उसळून म्हणाले, "आसं कसं मास्तर? गेली ती गेली. गडी मोकळा झाला की! का जलमभर त्यानं हातानं भाकरी थापायची?"

यावर बराच काथ्याकूट झाला. सरकारी कायदाही निघाला. तो कायदा मुकादमांच्या बाजूचा होता. नव्यानं ख्रिस्ती झालेल्याला जोडीदारानं धर्मापायी सोडलं, तर कोर्टात अर्ज करता येई. कोर्ट त्या जोडीदाराला बोलावून विचारी, वर्षभर थांबे, पुन्हा विचारी, आणि तेव्हाही उत्तर नाहीच आलं तर लग्न मोडे. मग दोघंही लग्नाला मोकळी. शेवटी पाळकांनी मास्तरांना गप्प केलं ते असं, की अर्थ मागाहून बघू, आधी ती बाई खरोखर सोडून गेलीय का ते बघू. चिठ्ठी बापाची आहे, तिची नाही. कोर्टाआधी मंडळीनं तिला विचारलं पाहिजे. पुरुष पाठवले तर ती बोलणार नाही, तेव्हा बायका पाठवाव्यात.

बायका म्हणजे आमच्या बायबलबाई. घरोघर जाऊन शास्त्र सांगणं हे त्यांचं काम. विधवा, साठीच्या पुढच्या, तोंडानं फटकळ. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. त्यांच्याबरोबर लिहिणारी एक पाहिजे होती. दुसऱ्या एका शिक्षिकेचं नाव निघालं, तर मी हात वर केला आणि म्हटलं, मी जाते. मला त्या बाईला बघायचं होतं. याला दुसरं काही भारदस्त कारण नव्हतं.

सोमवारी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही जेऊरला उतरलो आणि बैलगाडीनं तिच्या गावी गेलो. मनात मी तिची मूर्ती तयार करून ठेवली होती. उभट, कजाग, बापाच्या जिवावर तोरा मिरवणारी. अंगणात सुपानं तूर पाखडत बसलेली बाई तशी मुळीच नव्हती. लहानखुरी, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, कपाळावर आडवं कुंकू. बाप आणि भाऊ रानात गेले होते. घरात भावजय होती. तिनं आम्हाला पाणी दिलं ते ओंजळीत, वरून ओतून. मावशी मुकाट्यानं प्यायल्या. मी तहान नाही म्हणून सांगितलं, घसा कोरडा पडला होता तरी.

मावशींनी काही आडपडदा ठेवला नाही. कुठून आलो, कशाला आलो, कोर्ट काय करतं, सगळं सांगितलं. भावजय दारात उभी राहून ऐकत होती. तूर पाखडणारी मात्र सूप हलवत राहिली.

मग एकदम तिनं मला विचारलं, "ते जेवत्यात का येळंवर?"

"जेवतात," मी म्हटलं. "दवाखाना बंद झाला की."

"करतं कोन?"

"स्वतःच करतात. सकाळी दूध-भाकरी, रात्री भाकरीबरोबर काही कोरड्यास. वांगं तेवढं सोडलंय. अंगाला खाज सुटते."

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग पुन्हा तूर पाखडायला लागली.

मावशींनी मुद्द्याचा प्रश्न घातला. "हे बघ बाई, सरळ सांग. त्याच्याजवळ नांदायचंय का नाही?"

"मी न्हाय येत," ती म्हणाली.

ते मी ऐकलं. लाज वाटायला हवी होती, पण खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मी पिशवीतून कागद काढला.

"आपल्या आपन कशी येऊ?" ती पुढे म्हणाली. "चिट्टीवर कुनी नांदायला जातं व्हय? तीन चिट्ट्या आल्या म्हनं. मास्तरनी दादाला वाचून दाकीवल्या. ये, आसं लिवलं हुतं. आवो, बाईमानूस काय पार्सल हाय? न्यायला कोन आलं?"

मावशींचा चेहरा पडला. मी मात्र मिशनच्या कंपाउंडमध्ये वाढलेली. आमच्याकडे मुली शाळेच्या बोर्डिंगमधून लग्न होऊन थेट पलीकडच्या ओळीतल्या खोलीत राहायला जायच्या. माहेरी गेलेल्या बाईला सासरचं माणूस दारात आल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, हे मला ऐकून माहीत होतं, पण त्याचं वजन माहीत नव्हतं. मावशींना माहीत होतं. पाळकांना, मास्तरांना, मुकादमांनाही माहीत होतं. त्यांच्या सगळ्यांच्या आया अशाच कुणीतरी न्यायला येऊन नांदायला गेलेल्या. तरी चार वर्षांत एकानंही कंपाउंडरांना विचारलं नव्हतं, की बाबा, तू गेला होतास का? मिशनमध्ये सगळं कागदावर चालतं. बोलावणं कागदावर, उत्तर कागदावर. ही सवय आम्हाला इतकी लागली होती, की न आलेली बाई म्हणजे सोडून गेलेली बाई, असं आम्ही धरून चाललो.

"पण तुझा बाप तर म्हणतो पाठवत नाही," मावशी म्हणाल्या.

"दादा म्हनतो तितं बाटिवत्याल. खरं का?" बापाला ती दादा म्हणायची.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली, उत्तर मी द्यावं असं त्यांच्या मनात असावं.

"जबरदस्ती नाही," मी म्हटलं. "तुम्ही राहायला राजी असाल तर तुम्हाला सोडायचं नाही, असं शास्त्रात आहे. तुमचा देव तुमच्याकडे राहील."

"कुकू?"

"राहील."

"तुळशीला पानी घातलं तर चालंल का?"

"चालेल," मी म्हटलं. आदल्या दिवशी देवळात ऐकलेलं शास्त्र मी शब्दाशब्दाला धरून सांगत होते, आणि प्रत्येक उत्तरानं माझं स्वतःचं घर एकेक वीट करून उतरत होतं.

तिनं सूप खाली ठेवलं. "मग मी कवा न्हाय म्हनले? तेंनी सवता यावं. आन संगं सासरचं बाईमानूस पायजे. सासू तर तेंचं तोंड बघत न्हाय. मंग ह्या आल्या तरी चालंल." तिनं बोट केलं ते माझ्याकडे.

मावशी परतीच्या गाडीत कुर्डुवाडीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या. मग म्हणाल्या, "पोरी, माझं काय, मला दोन ओळी लिहायला दिवस लागतो. तू लिही. ऐकलं ते लिही." त्यांना आमच्याविषयी ठाऊक होतं का, मला आजही सांगता येत नाही.

तो आठवडा मी कसा काढला ते सांगत बसत नाही. एक कागद मी असाही लिहिला होता: विचारले असता सदर बाई आपण होऊन येण्यास तयार नाही असे म्हणाली. यातला शब्दही खोटा नव्हता. पंचांनी तेवढ्यावर कोर्टाचा अर्ज मंजूर केला असता. कोर्टातही, बापासमोर, साहेबासमोर, ती बिचारी आणखी काय बोलणार होती? तो कागद मी दोन दिवस पेटीत ठेवला.

शनिवारी दवाखान्यात गेले. मुलींच्या खरजेचं मलम हवं होतं. तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"भेटली?" त्यांनी विचारलं.

"भेटली. तुम्ही तिला न्यायला का गेला नाहीत?"

ते खलबत्त्यात काहीतरी कुटत होते, ते थांबले. "मी बोलावलं होतं. तीनदा."

"बोलावलं होतंत. गेला होतात का?"

त्यांनी बत्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "गावात जायची लाज वाटली. पाणीसुद्धा वरून ओतलं असतं. आणि ती सगळ्यांसमोर नाही म्हणाली असती तर?"

"ती नाही म्हणत नाही."

त्यांचा चेहरा कसा झाला ते मी नीट पाहिलं. त्यात वाईट वाटणं होतं, आणि त्याच्याआड सुटल्यासारखंही काहीतरी होतं. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही काय लिहिणार?"

"ती बोलली ते."

"बरं," ते म्हणाले. एवढंच. खोटं लिहा असं त्यांनी म्हटलं असतं, तर मला फार सोपं गेलं असतं. मी त्यांच्यावर चिडून, त्यांना नालायक ठरवून मोकळी झाले असते. पण त्यांनी मलमाची डबी भरली, वर कागद बांधला आणि माझ्यापुढे ठेवली. त्या माणसावर माझा जीव होता, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं, आणि तोच दिवस ते संपवण्याचा होता.

रविवारी मी पंचांपुढे दुसरा कागद वाचला. न्यायला येण्याची गोष्ट, कुंकू, तुळस, सगळं. मुकादम डोकं खाजवत म्हणाले, "आयला, हे तर आपल्या ध्यानातच न्हाय आलं." पेन्शनर मास्तर वाद जिंकूनसुद्धा चष्मा पुसत बसले. पाळकांनी ठराव सांगितला. भावानं जाऊन पत्नीला घेऊन यावं. सोबत बाईमाणूस पाहिजे, तर तिनं ज्यांना बोलावलं आहे त्या शिक्षिकेनं जावं.

मी तो ठरावही उतरवून घेतला. अक्षर जरासुद्धा हललं नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा जेऊरला उतरलो. ते गाडीवानाशेजारी पुढे बसले, मावशी आणि मी मागे. गावात शिरताना त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून पुन्हा बांधला, दोनदा. जावई दारात आलाय म्हटल्यावर निम्मा गाव गोळा झाला. सासरा बराच तापला, अद्वातद्वा बोलला. ते खाली मान घालून उभे राहिले. पण न्यायला आलेल्या जावयाच्या तोंडावर दार लावणं गावात शोभत नाही. शिवाय दारात उभ्या असलेल्या भावजयीनं नणंदेचं गाठोडं केव्हाच बांधून ठेवलं होतं.

एका म्हातारीनं मला अडवलं. "आन तू गं कोन? पोराची कोन लागतीस?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेही बघायला लागले. मंडळीत आम्ही उठल्याबसल्या एकमेकांना भाऊ-बहीण म्हणायचो, नमस्कारासारखं, अर्थ मनात न आणता. त्या दिवशी तो शब्द मला तोंडातून ओढून काढावा लागला.

"बहीण," मी म्हटलं. "हिची नणंद."

तिनं पुढे होऊन, वाकून माझ्या पायाला हात लावला. "चला वन्सं," ती म्हणाली. निघताना तिनं स्वतः तांब्याभर पाणी आणलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. मी तो वर धरून घटाघटा प्यायले. गाडीत मला रडू आलं, तर मावशींनी सगळ्यांना सांगितलं की हिला गाडी लागते.

तिचा संसार आमच्या कंपाउंडमध्येच झाला. घासलेटच्या डब्यात तिनं तुळस लावली, त्यावर काही दिवस कुरकुर झाली, तेव्हा पाळकांनी प्रेषिताचं ते पत्र पुन्हा वाचून दाखवलं. ती ख्रिस्ती झाली का, असं लोक विचारतात. नाही झाली. मुलांना देवळात न्हाऊमाखू घालून पाठवायची आणि आपण दारात बसून भाजी निवडायची. माझं लग्न पुढे झालं नाही. यात त्याग वगैरे काही शोधू नये. दोन स्थळं आली होती, मला पसंत पडली नाहीत.

वीसेक वर्षांनी, ते वारले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, आम्ही दोघी तिच्या दारात शेवया वळत होतो. ती सहज म्हणाली, "वन्सं, वांग्याचं तुमी बोलला तवाच मला कळलं हुतं."

मी हात थांबवला. इतक्या वर्षांत मी हे कुणापाशी बोलले नव्हते.

"दवाखान्यात कामाला आसलेल्या गड्याला खाज सुटती, हे साळंतल्या बाईला कसं म्हाईत?" ती म्हणाली. आवाजात ना राग होता ना टोमणा.

"कळलं होतं, तर मग मलाच का बोलावलंस न्यायला?"

तिनं शेवई तोडली, खाटेवर पसरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दुसरं कोन आलं आसतं तर मला भ्या वाटलं आसतं. तुमी सवताच्या हातानं आनलेली बाई, तुमी मला कशाला घालवताय?"

मग तिनं पिठाचा पुढचा गोळा माझ्याकडे सरकवला.